मौनाचा रकाना

तंजावूर,
१४ फेब्रुवारी २०००

ती. सूर्यनारायण मामांस अखिलाचा सा. नमस्कार.

भाचीने पत्र मराठीतच लिहावे हा तुमचा हुकूम, म्हणून बसले आहे. इथे घरात मराठी बोलायला सगळे तयार, लिहायला मी एकटी. श्रीकर माझे अक्षर पाहून विचारतो, "अम्मा, हे हिंदी का?" चुका दिसतील त्या पदरात घ्या.

काम असे निघाले आहे. आमच्या कॉलेजास यंदा विद्यापीठाचा दर्जा मिळवायचा आहे. तपासायला समिती जूनमध्ये येते. आमचे संचालक सुब्रमण्यम सर पूर्वी पंपसेटच्या कंपनीत विक्री पाहात. गेल्या महिन्यात ते चेन्नईस एका परिषदेला गेले, आणि तिथे त्यांनी ऐकले की हल्ली प्राध्यापक आपले छापलेले शोधनिबंध कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवतात, जगात कोणीही फुकट वाचतो. मात्र निबंध ज्या नियतकालिकात छापला त्याची परवानगी लागते. परत आल्या आल्या मला ग्रंथालयातून बोलावले.

"अखिला, किती टक्के नियतकालिके अशी परवानगी देतात?"

"ठाऊक नाही सर."

"अंदाज?"

"अंदाजही नाही सर."

"मग एप्रिलपर्यंत अंदाज आणा. चांगला आणा."

"चांगला म्हणजे अचूक ना सर?"

"चांगला म्हणजे चांगला," ते म्हणाले आणि फोन उचलला.

आमच्याकडे येणारी व येऊन बंद पडलेली मिळून एकशेसाठ नियतकालिके आहेत. त्या सर्वांस पत्र घालून विचारायचे मी ठरवले आहे. तुम्ही इतकी वर्षे पुण्यात त्रैमासिक चालवता, म्हणून तुम्हास विचारते. प्रश्न कसा घालावा? आणि आलेले कसे मोजावे?

यात माझा स्वार्थही आहे. पापनाशमच्या चंद्रमती अक्का तुम्हास आठवतील. मला वनस्पतिशास्त्र त्यांनीच शिकवले, आता निवृत्त आहेत. आमच्या भागात भात लावल्यावर पाने पिवळी-तांबूस पडतात, लोक रोग समजून फवारणी करतात, पुन्हा करतात. अक्कांनी सहा गावांत पाहून लिहिले की हा रोग नव्हे, मातीत जस्त कमी आहे. तो निबंध तुमच्याच त्रैमासिकात तीन वर्षांपूर्वी आला. पण तो इथे कोणी पाहिलेला नाही. तालुक्याच्या शेती अधिकारी महालक्ष्मी म्हणतात, छापील कागद दाखवा, मग मी लोकांस फवारणी थांबवायला सांगते. अक्कांपाशी प्रती उरल्या नाहीत. वेबसाइटवर ठेवता आला तर कुरुवैच्या, म्हणजे जूनमधल्या पहिल्या भाताच्या, लावणीआधी सगळ्या तालुक्यांस मिळेल.

मामींस नमस्कार.

तुमची,
अखिला

पुणे,
२५ फेब्रुवारी २०००

चि. अखिलास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. "पाहात" असे आता कोणी लिहीत नाही, तरी गोड वाटते, राहू दे.

तुझ्या संचालकांचा प्रश्न मला मुळातच चमत्कारिक वाटतो. निबंध छापून आला की लेखक कृतार्थ झाला. कन्या दिली, ती त्या घरची झाली. आता ती माहेरच्या वेबसाइटवर राहील की काय, हा प्रश्न उद्भवतोच कुठे? फुकट मिळणाऱ्या वस्तूला लोक किंमत देत नाहीत. आमचे त्रैमासिक मागवायला लोकांना त्रास पडतो, म्हणूनच त्याला प्रतिष्ठा आहे.

पण काम हाती घेतलेस तर शास्त्रशुद्ध कर. प्रश्न एकच विचार आणि सरळ विचार. आलेली उत्तरे मोज. न आलेल्या उत्तराला उत्तर समजू नकोस. लोक अंदाज बांधताना नेमके तिथेच घसरतात. त्रैमासिक ज्याचे, त्या आमच्या मंडळालाही तुझे प्रश्नपत्रक रीतसर पाठव, मी रीतसर उत्तर देईन.

चंद्रमतीबाईंचा निबंध चांगला आठवतो, कारण त्यावर मी फार मेहनत घेतली. मुळात अर्धा निबंध स्वयंपाकाच्या कृतीसारखा होता. कुठले पान पाहा, कोपऱ्यात चिमूटभर काय टाका, आठवडाभर थांबा. ते सगळे काढून टाकले तेव्हा आत शास्त्र सापडले. बाईंनी आभाराचे पत्रसुद्धा धाडले नाही.

तुझी मामी म्हणते, आंब्याच्या दिवसांत ये.

तुझा,
सूर्यनारायण

तंजावूर,
२ मे २०००

ती. मामांस सा. नमस्कार.

दिलेली मुलगी दिवाळीला तरी माहेरी येते, मामा. अक्कांचा निबंध तीन वर्षे गेला तो गेलाच.

एकशेसाठ पत्रे गेली. अडतीस उत्तरे आली, ती वाचून आमचे ग्रंथालय आठवडाभर हसले. एका संपादकांनी लिहिले, तुमची वर्गणी संपली आहे. एकांनी परवानगी दिली, पण लेखकाने कोणास सांगू नये या अटीवर. तिरुच्चीकडच्या एकांनी कळवले की लेखक आपला निबंध घरी कपाटात ठेवू शकतो, मंडळाची हरकत नाही. एका परदेशी प्रकाशकाने बारा पानांचे उत्तर दिले. ते मी इंग्रजी विभागातल्या तिघांस वाचायला दिले. एकाने 'हो' म्हटले, एकीने 'नाही', तिसरे अजून वाचताहेत.

मी मोजले ते असे. एकोणीस जणांनी कसेबसे 'हो' म्हटले, अकरांनी 'नाही', आठांचे काय ते कळत नाही. संचालकांस मी सांगितले, "सर, उत्तर देणाऱ्यांपैकी निम्मे हो म्हणतात. एकशेसाठांपैकी धराल तर बाराच टक्के. बाकीच्यांचे आपणास ठाऊक नाही, हेच खरे उत्तर."

"बाकीच्यांनी नको म्हटले का?"

"काहीच म्हटले नाही सर."

"म्हणजे नको म्हटले नाही." त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. "मी तीस वर्षे पंप विकले, अखिला. गिऱ्हाईक गप्प बसले की ते घेणार असते. आणि ते न कळणारे आठ, त्यांनी तरी स्पष्ट नको म्हटले का?"

मग त्यांनी अकरा नकार तेवढे वजा केले. त्र्याण्णव टक्के आले. मी म्हटले, "सर, हे फार होते." ते विचारात पडले. मला वाटले, पटले. मग म्हणाले, "खरे आहे, नव्वद म्हणावे का? नको. नव्वद म्हटले की अंदाज वाटतो. त्र्याण्णव म्हटले की मोजल्यासारखे वाटते."

पुस्तिका छापायला गेली आहे. आकड्याखाली ग्रंथालयातर्फे माझी सही पाहिजे म्हणतात. मी अजून केलेली नाही.

आता एक विचारायचे राहिले. त्या एकशेबावीस गप्प बसणाऱ्यांत तुमचे त्रैमासिक आहे. दोनदा पत्र घातले. संचालकांच्या हिशेबाने तुम्ही परवानगी दिली आहे. तुमचे मौन मी कोणत्या रकान्यात घालू?

अखिला

पुणे,
११ मे २०००

श्रीमती अखिला, साहाय्यक ग्रंथपाल, यांस,

आपले प्रश्नपत्रक मिळाले. लेखकांनी स्वतःचे निबंध वेबसाइटवर ठेवण्याबाबतचा प्रश्न मंडळाच्या विचाराधीन आहे. निर्णय झाल्यावर, व तो कळवावा असा निर्णय झाल्यास, आपणास कळविण्यात येईल.

संपादक

(याच पाकिटात)

चि. अखिलास आशीर्वाद.

वरचे पत्र संपादकाचे, हे मामाचे. संपादकाला पुष्कळ गोष्टी पाहाव्या लागतात, त्या तुला इथून सांगता येणार नाहीत. पण मामा म्हणून सांगतो, त्या त्र्याण्णवाखाली सही करू नकोस. एकदा खोटा आकडा छापला की तो खऱ्यापेक्षा जास्त जगतो. नोकरी गेली तर पुण्यात ये, आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात सूची करायचे काम आहे.

चंद्रमतीबाईंना म्हणावे, थोडा धीर धरा.

तुझा,
सूर्यनारायण

तंजावूर,
५ जून २०००

ती. मामांस सा. नमस्कार.

मी सही केली नाही. सर रागावले, मग स्वतःच सही केली. पुस्तिका सुंदर निघाली आहे, आकडा सोनेरी शाईत आहे. समिती येऊन गेली. अध्यक्षांनी तेवढेच पान उघडून दोनदा वाचले आणि विचारले, "एवढे कष्ट कोणी घेतले?" सर म्हणाले, "आमची टीम."

मला शिक्षा झाली. ग्रंथालयाचे काम दुसरीकडे दिले आणि मला कॉलेजच्या वेबसाइटवर बसवले. ते काम कोणासच नको होते. टेलिफोनची लाइन दुपारी लागत नाही, लागली की वीज जाते. तरी पाने चढवायला शिकले आहे.

आता तुमच्याविषयी. मागच्या आठवड्यात दिल्लीच्या एका प्रकाशन कंपनीचे पत्र आले. मी त्यांस प्रश्न पाठवलाच नव्हता. त्यांनी लिहिले आहे की पुण्याच्या मंडळाचे त्रैमासिक, मागचे सर्व अंक धरून, गेल्या वर्षापासून त्यांच्या मालकीचे आहे. पुण्यास पाठवलेली माझी दोन्ही प्रश्नपत्रके त्यांच्याकडे 'पुढील कार्यवाहीस्तव' आली. परवानगी नाही.

मामा, मी तीन महिने समजत होते की तुम्ही अक्कांवर रागावला आहात, आभाराचे पत्र आले नाही म्हणून. आईला मी तसे सांगितलेही. विचाराधीन काय होते मग? तुमच्या हाती काही उरलेच नव्हते, तर "धीर धरा" असे मी त्या म्हातारीस कशाच्या भरवशावर सांगितले? मेट्टूर धरणाचे पाणी सुटायला आले. पापनाशमला रोपे तयार आहेत आणि दुकानात फवारणीच्या औषधाचे डबे आताच रचून ठेवले आहेत.

तुमची,
अखिला

पुणे,
१४ जून २०००

चि. अखिलास आशीर्वाद.

तुझे पत्र मामीने आधी वाचले. दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आज बोलली तेव्हा म्हणाली, "पोरीला खरे लिहा, मग जेवायला या."

त्या कंपनीचा माणूस गेल्या वर्षी सभेला आला. कार्यकारिणीचे आम्ही पाच जण, सर्वांत तरुण अडुसष्ट वर्षांचा. तो म्हणाला, तुमचे त्रैमासिक जगभर जाईल, मुखपृष्ठ रंगीत होईल, टपालाची दगदग नको. अखिला, आम्ही पंचवीस वर्षे अंकांवर तिकिटे स्वतःच्या हाताने चिकटवली आहेत. करारनामा वीस पानांचा होता, रंगीत मुखपृष्ठाचे कलम तिसऱ्या पानावर. आम्ही तिथवर वाचले आणि सह्या केल्या. कंपनीचा माणूस पुढची कलमे स्वतः वाचून दाखवू लागला तेव्हा आमचे खजिनदार म्हणाले, "अहो, तुमच्यावर विश्वास आहे." इतरांच्या निबंधातला स्वल्पविराम मी सोडत नाही, आणि हे.

मार्चमध्ये मी माझ्याच एका जुन्या निबंधाची प्रत त्यांच्याकडे मागितली. त्यांनी विचारले, आपण कोण? मी म्हटले, लेखक. ते म्हणाले, लेखकांसाठी वेगळी सवलत नाही. हे तुला कोणत्या तोंडाने लिहायचे? म्हणून विचाराधीन.

आता उपयोगाचे सांगतो. काल करारनामा शेवटपर्यंत वाचला, भिंग घेऊन. त्यांच्या मालकीचे आहे ते 'संपादित होऊन प्रसिद्ध झालेल्या स्वरूपातले' लेखन. संपादनाआधीचा मसुदा लेखकाचा. चंद्रमतीबाईंनी मला जो टंकलिखित निबंध पाठवला त्याची कार्बन प्रत त्यांच्यापाशी असेल, तर ती त्यांची आहे. ठेवावी.

पण तुला बजावून सांगतो, त्यात मी काढलेला सगळा मजकूर आहे. ती पाने, तो कोपरा, ती चिमूट. विद्वान लोक वाचतील आणि हसतील. जमल्यास तेवढे गाळ.

तुझा,
सूर्यनारायण

तंजावूर,
२२ जुलै २०००

ती. मामांस सा. नमस्कार.

हे पत्र कुरिअरने धाडते, कारण वेळ नाही. आधी चांगले सांगते.

कार्बन प्रत मिळाली. अक्कांनी ती भांड्यांच्या कपाटात खाली अंथरली होती. "तुझ्या मामाने यातले निम्मे नको म्हटले, मग तिचा आणखी काय उपयोग?" म्हणाल्या. आम्ही दोघींनी ती शेजारी घेऊन कॉम्प्युटरवर उतरवली. काही गाळले नाही. तुम्ही काढलेला भाग आला तेव्हा मी वाचत होते आणि अक्का नुसत्या मान हलवत होत्या. वरून तिसरे पान धरा, मधली शीर बुडाशी फिकी पडली आहे का पाहा. पडली असेल तर औषध आणू नका. शेताच्या एका कोपऱ्यात थोडे झिंक सल्फेट टाका, आठवडाभर थांबा. कोपरा हिरवा झाला तर बाकीच्या शेताला तेच द्या. झाला नाही तर अधिकाऱ्यास बोलवा. मामा, हे मला समजले आणि मी गेल्या वीस वर्षांत शेतात पाय घातलेला नाही.

जूनअखेर वेबसाइटवर चढवले. महालक्ष्मींनी बसस्टँडजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये छापून घेतले, तमिळमध्ये केले आणि सहकारी सोसायटीच्या भिंतीवर लावले. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, फुकटचे आहे, खरे नसेल. ते ऐकून तुमची आठवण झाली. मग अक्कांच्या शेजारच्या चिदंबर यांनी कोपरा करून पाहिला. आता संध्याकाळी लोक तो कोपरा पाहायला येतात. दुसऱ्या तालुक्यांतूनही विचारणा आहे, कारण पिवळे पडणे तिकडे आताच सुरू झाले आहे.

आता वाईट. कंपनीची नोटीस काल संचालकांस आली. आमच्या मालकीचा निबंध काढा, नाहीतर कोर्टात भेटू. सरांनी मला बोलावले.

"ताबडतोब काढा."

मी म्हटले, "सर, त्र्याण्णव टक्के परवानगी देतात असे आपणच छापले आहे."

"हे त्या सात टक्क्यांतले निघाले," ते म्हणाले.

मी सांगितले की हा छापलेला निबंध नव्हेच, त्याआधीचा मसुदा आहे. ते म्हणाले, "हे तुम्ही म्हणता. त्या दोहोंत फरक आहे असे त्या त्रैमासिकाने लिहून द्यावे. दर्जाचा कागद दिल्लीत सहीला आहे, मला दिल्लीशी भांडण नको. सोमवारनंतर आठ दिवस थांबतो, मग पान जाईल आणि त्याच्यामागे तुम्ही."

मी हे अक्कांस सांगितलेले नाही. तुम्हास आग्रह करीत नाही. तुम्ही असे लिहून दिले तर मंडळ काय म्हणेल ते मला कळते. तुमच्या हाती त्रैमासिकाचे संपादकपण तेवढेच उरले आहे, हेही कळते.

तुमची,
अखिला

पुणे,
२७ जुलै २०००

चि. अखिलास आशीर्वाद.

कंपनीला आज रजिस्टर पोस्टाने इंग्रजीत गेलेल्या पत्राची प्रत सोबत आहे. तुझ्या संचालकांच्या टेबलावर ठेव. मजकूर तुझ्यासाठी आणि चंद्रमतीबाईंसाठी खाली मराठीत उतरवला आहे. त्यांना तू वाचून दाखव, मला तेवढे धैर्य नाही.

सूर्यनारायण

व्यवस्थापक महोदयांस,

तंजावूरच्या कॉलेजला आपण पाठवलेल्या नोटिशीत असे म्हटले आहे की त्यांच्या वेबसाइटवरचा भातावरचा निबंध आमच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झालेला असून सबब आपल्या मालकीचा आहे. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचले. आपला गैरसमज झाला आहे.

आपल्या मालकीच्या निबंधात, शेतात उभ्या असलेल्या माणसाला उपयोगी पडेल असे एकही वाक्य नाही. याची मी स्वतः ग्वाही देतो, कारण अशी सर्व वाक्ये संपादक या नात्याने मीच काढली. त्यास मला तीन आठवडे लागले. कामात कसूर राहिली असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

वेबसाइटवरच्या निबंधात ती वाक्ये आहेत, आणि लोकांचे भात त्यांवर हिरवे होत आहे असे ऐकतो. म्हणजे तो आपला निबंध असणे शक्य नाही.

आपली मालमत्ता आपल्यापाशी सुरक्षित आहे. गेल्या तीन वर्षांत ती कोणी मागितल्याचे माझ्या स्मरणात नाही.

हे पत्र मी पुढच्या सभेत उभा राहून वाचणार आहे. सभासदांनी त्यानंतर काय ठरवायचे ते ठरवावे.

आपला,
सूर्यनारायण
संपादक (हे पत्र आपणास पोहोचेपर्यंत तरी)